कडेवरची जागा

रविवार, ता. ४ ऑगस्ट १९४६
शहापूर, बेळगाव

श्री गजानन प्रसन्न.

आज निपाणीहून येऊन पोचलेलं सामान: गाद्यांची वळकटी एक, पितळी भांड्यांचं पोतं एक, जोंधळ्याचं पोतं एक, देवांची पेटी, पाटा-वरवंटा, मनूचा पाळणा (सुटा करून दोरीनं बांधलेला). मोटारीचं भाडं आम्हां दोघांचं अडीच रुपये. मनूचं पडलं नाही, मांडीवर बसली. हमाल आठ आणे मागत होता, सहा आण्यांत ऐकला.

शिवाय ह्यांनी कॅम्पातल्या लिलावातून आधीच आणून ठेवलेलं: जाळीचं कपाट पाच रुपये, तिपाई बारा आणे. आणि पोत्यात गुंडाळलेली एक बाहुली, फुकट. ती कुणी घेईना म्हणून दुकानाच्या मालकानं तिपाईबरोबर वर घालून दिली.

ह्यांना त्या लिलावाच्या दुकानात कारकुनाची नोकरी लागली, म्हणून तर इथं यायचं झालं. गोऱ्या लोकांना आता विलायतेची ओढ लागली आहे. रोज एखादा बंगला रिकामा होतो आणि पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं विकायला येतं.

घर छान आहे. दोन खोल्या, मागं चुलीची पडवी, विहीर सामाईक. पुढच्या अंगाला घरमालकांचे माग चालतात, त्यामुळं दिवसभर खटक-खटक आवाज असतो. मला तो आवडला. घरात कुणी वडीलधारं माणूस काम करतंय असं वाटतं. मालकीण अंबुबाई पन्नाशीच्या आहेत, दोघे मुलगे मागावर बसतात, पण अजून सून नाही, त्यामुळं घरात लहान मूल नाही. आल्या आल्या मनूला त्यांनी उचललं. मला म्हणाल्या, "निपानीच्या न्हवं? मग तपकीर वडता का न्हाय?" मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, मग निपाणीत राहून केलं काय! मनूच्या पायातले वाळे वाजवून बघितले आणि अडीच वर्षांच्या पोरीला अजून वाळे कसले म्हणून मलाच हसल्या. ते माझ्या आईनं केलेले आहेत. पायाला बसतात तोवर घालायचे.

बाहुली सोडून पाहिली. बाहुली म्हणायचं, पण मनूच्या खांद्याएवढी उंच आहे. प्लास्टरची, रंगवलेली. निळा झगा, डोक्यावर पांढरा रुमाल, पाय अनवाणी. तोंड शांत आहे. डाव्या कमरेवर हात असा वाकवलेला की कुणाला तरी कडेवर घ्यावं, पण कडेवर काही नाही. तिथलं फुटून गेलंय आणि आतला पांढरा खडबडीत भाग दिसतो. ह्यांना वाटतं, जुनी आहे, हौशी माणूस पैसे मोजेल. आले पैसे तर मला शिवणाचं यंत्र घ्यायचं ठरलं.

तूर्त मधल्या खोलीच्या कोनाड्यात ठेवली. समोरच मनूचा पाळणा टांगला.

रविवार, ता. ११ ऑगस्ट

अण्णाचं कार्ड आलं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ बसवंत. कोल्हापुरात सिनेमाच्या स्टुडिओत प्लास्टरचे खांब, सिंह आणि देव करतो. त्याला बाहुलीचं लिहिलं होतं.

त्यानं पारख कशी करायची ते सांगितलंय. धुवायची नाही. प्लास्टर पाण्यानं विरतं आणि रंग उतरतो. नखानं टिचकी मारायची, पोकळ वाजलं तर साच्यात ओतलेली. झग्याच्या चुण्यांत रंग बघायचा. तिथं दुसरा थर नसेल तर रंग मूळचा. आणि फुटक्या जागी जीभ लावायची. जुनं सुकं प्लास्टर जीभ ओढून धरतं. लिहितो, "अंजे, तू मॅट्रिक झालीस, आता तुझ्या जिभेची परीक्षा." सगळ्यात शेवटी नेहमीसारखं, मनूला गोड पापा.

सोवळं सुटल्यावर सगळं करून पाहिलं. टिचकीला पोकळ वाजते. चुण्यांत एकच रंग. तळाला काही अक्षरं होती, ती झिजली आहेत. वजन कोळशाच्या वखारीत करून आणलं, साडेपाच शेर. मग फुटक्या जागेला जीभ लावली. अशी धरली की सोडवून घ्यावी लागली. त्यानंतर दिवसभर तोंडाला चव नव्हती. आमटीत मीठ दोनदा पडलं. हे निमूट जेवले.

अण्णाच्या मते अशा बायका विलायतेत जोडीनं ओततात, कडेवर मूल असतंच. मुलासकट साठ रुपये सहज. मुलावाचून पंधरा आले तरी पुष्कळ. फुटलेला तुकडा मिळतो का बघा म्हणतो. तो चिकटवायला स्वतः येईन.

रविवार, ता. १८ ऑगस्ट

तुकड्याचा शोध लागला आणि नाहीही लागला.

बाहुली ज्या बंगल्यातली, तिथला माळी भरमू दुकानात आला होता. ह्यांनी त्याला विचारलं. त्यानं हसत हसत सांगितलं ते असं. मडमेला मूलबाळ नव्हतं. तो तिथं पाच वर्षं होता, त्यानं कधी पाहिलं नाही. पण बंगल्यात एक खोली होती, तिच्यात छोटा पलंग, छोटे बूट, लाकडी घोडा. मडम संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसायची. हे कुणाचं म्हणून आयानं विचारलं, तर मला ठाऊक नाही म्हणायची आणि बूट मांडीवर घेऊन बसायची. एक दिवस तिनं भरमूकडून हातोडी मागून घेतली आणि बाहुलीच्या कडेवरचं मूल फोडून काढलं. मग टॉवेलात गुंडाळून जांभळीखाली पुरायला लावलं आणि जमिनीवर बसून रडली. भरमू म्हणतो, "सायबाच्या बायकांची तऱ्हाच न्यारी. फोडायचं बी आपुनच आन् रडायचं बी आपुनच."

ह्यांनी त्याला चार आणे कबूल करून जागा उकरून घेतली. टॉवेल निघाला, गाठ तशीच होती. आत मूठभर पांढरी पूड, बाकी काही नाही.

म्हणजे पंधरा रुपयांचीच झाली. ह्यांनी सांगलीच्या एका वकिलांना पत्र टाकलंय, त्यांना अशा वस्तूंचा शौक आहे.

बिचाऱ्या मडमेसाठी सोमवारी कपिलेश्वराला एक नारळ फोडीन. तिचा देव वेगळा असला तरी.

सोमवार, ता. २ सप्टेंबर

आज गौरी आल्या.

आमच्या घराण्यात मुखवट्याची गौर असते. वाटण्या झाल्या तेव्हा मुखवटे निपाणीला थोरल्या जावेकडे राहिले. इथं नवा मुखवटा तीन रुपयांच्या खाली नाही. हे म्हणाले, घरात चांगली उभी बाई आहे, तिलाच लुगडं नेसव. आधी माझं मन होईना. मग विचार केला, मुखवटासुद्धा रंगवलेली मातीच की. आपण बोलावतो तेव्हा ती गौर होते. शिवाय ही कुमारी नाही, लेकुरवाळी दिसते. तीन रुपये वाचले.

तिला माझं हिरवं इरकल नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं, शेजारी तेरड्याची जुडी बांधली. उंबऱ्यापासून कोनाड्यापर्यंत पावलं काढली. बाहुली घेऊन मी दाराशी उभी राहिले. अंबुबाई आत उभ्या राहून विचारायला लागल्या, कोण आलं, कशाच्या पावलानं आलं. मी सोन्यामोत्याच्या पावलानं म्हटलं आणि आत आले. मग रीतीप्रमाणं तिला घर दाखवलं. चूल दाखवली, जोंधळ्याचं पोतं दाखवलं, पैशांची पेटी दाखवली. प्रत्येक ठिकाणी अंबुबाई विचारत, हे कुणाचं? मी म्हणायची, बये, हे सगळं तुझंच.

पाळण्यापाशी आलो. मनू झोपली होती. अंबुबाईंना चेष्टा सुचली. म्हणाल्या, "आन् हे गं कुनाचं?"

मी हसले आणि म्हणाले, हीसुद्धा तुझीच.

उद्या पुरणपोळी. गूळ पाऊण शेर आणला, साखर रेशनवर मिळाली नाही.

बुधवार, ता. ४ सप्टेंबर

पाठवणी झाली. म्हणजे केली.

दहीभात दाखवला, गौर जागेवरून हलवली आणि विहिरीवर नेली. तेरड्याची जुडी पाण्यात सोडली. अंबुबाई म्हणाल्या, हिचे निदान पाय तरी बुडीव. पण पाय बुडवले तर रंग जायचा, आणि वकिलांचं उत्तर आलंय, ते याच महिन्यात येऊन बघणार आहेत. मी बाहुली पदराखाली घेतली आणि परत घरी आणली.

अंबुबाई वाटेत थांबल्या. म्हणाल्या, "पाठवनी करून परत आनलीस? सासरला निघालेली बाई माघारी आली की ऱ्हातीच हां मग." आणि हसल्या. मीही हसले.

आणताना उजवा हात भरून आला. ती जड वाटली.

सोमवार, ता. ९ सप्टेंबर

मनू चुलीजवळ खेळत होती. निखाऱ्यावर पाय पडला. मी धावले. ती रडली नाही. डाव्या पायाच्या तळव्याला फोड आला नव्हता, नुसता काळा डाग होता. पुसला तर निघाला. खाली कातडी चुन्यासारखी पांढरी.

गुदगुल्या करून पाहिल्या. डावा पाय तिला कळत नाही. उजवा कळतो.

सकाळी अंथरुणात पांढरी पूड होती. भिंतीची पडली असेल म्हणून झाडून काढली.

शुक्रवार, ता. १३ सप्टेंबर

कॅम्पातल्या डॉक्टरांकडे नेली. दोन रुपये. त्यांनी टाचणी टोचली. पावलात, पोटरीत, गुडघ्यात. मनू टाचणीकडे बघून हसत होती. दोन्ही पाय तसे झाले आहेत. डॉक्टरांनी टाचणी पुसून ठेवली. मग टॉनिक लिहून दिलं.

येताना तिला कडेवर घेतली होती. टांग्यावाल्यानं पिशवी खाली ठेवा म्हटलं, तेव्हा लक्षात आलं की एका हातात पिशवी आणि एका कडेवर मनू आहे, आणि पिशवीच जड आहे.

रडू यायला हवं होतं. आलं नाही.

मंगळवार, ता. १७ सप्टेंबर

आज बाहुलीचं लुगडं सोडलं. दिवस झाले तरी कुणी सोडलं नव्हतं.

कडेवरच्या फुटक्या जागी पाऊल आलंय. एक लहान पाऊल, पोटरीपर्यंत. साच्यातून काढल्यासारखं गुळगुळीत. त्याच्यावर वाळा रंगवलेला आहे. चांदीचा रंग.

मनूच्या डाव्या पायात वाळा नाही. सगळीकडे शोधला.

मला कळलं. मीच दाखवली होती, मीच म्हटलं होतं. पाठवणी नीट करायची राहिली, ती आता करायची म्हणून तिला विहिरीवर न्यायला उचलली. उचलवेना. तेव्हा म्हटलं, जागेवरच पाण्यानं पुसून काढू, विरेल तेवढी विरेल. ओलं फडकं त्या लहान पावलावर फिरवलं.

आत मनू किंचाळली.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला काही लागलं. धावत गेले. पायाचा अंगठा पुसट झाला होता. पाटीवरचा चेहरा पुसल्यावर राहतो तसा.

म्हणजे पाण्यात घालायची नाही. फोडायचीही नाही. जांभळीखाली काय निघालं ते ठाऊक आहे.

देवांच्या पेटीपुढं हात जोडून बसले. सगळी स्तोत्रं म्हटली. शब्द आले, अर्थ आला नाही.

गुरुवार, ता. १९ सप्टेंबर

ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, कोण मनू?

चेष्टा वाटली. चेहरा चेष्टेचा नव्हता. पाळण्याकडे बोट दाखवलं. ती होती, कमरेपर्यंत पांढरी, माझ्याकडे बघत होती. हे पाळण्याकडे बघून म्हणाले, रिकामा पाळणा अडचण करतो, लिलावात घालू या का.

अंबुबाईंकडे गेले. त्यांनी हात धुऊन मला बसवलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "असं करू नगंस बाई. देवाच्या मनात असंल तवा हुईल तुला बी."

मी म्हणाले, तुम्ही तिचे वाळे वाजवले होते. त्या म्हणाल्या, कुनाचे?

शनिवार, ता. २१ सप्टेंबर

मनू बोलत नाही. ओठ पांढरे. डोळे तेवढे ओले आहेत.

रात्रभर मांडीवर घेतली. मांडीला कळलं नाही कधी हलकी झाली ती. उजाडलं तेव्हा मांडीवर दुपटं होतं आणि पूड. दुपट्यात एक वाळा.

बाहुलीच्या कडेवर मूल आहे. पुरतं. तोंड माझ्याकडे. डाव्या पायाचा अंगठा तेवढा पुसट.

माग चालू आहेत. अंबुबाईंच्या मुलाचा हात हलताना दिसतो. आवाज येत नाही.

सोमवार, ता. २३ सप्टेंबर

हे फार खूश आहेत. तुकडा कुठं मिळाला विचारत नाहीत. त्यांनी परस्पर अण्णाला कळवलं. अण्णाचं कार्ड आलं. मूल मिळालं हे उत्तम, साठाच्या खाली देऊ नका, मूल मूळचंच दिसतंय का ते जोडावरून बघा.

जोड नाही. बघितलं.

कार्ड उलटून पाहिलं. कोपऱ्यातसुद्धा पाहिलं. शेवटी मनूला पापा नाही —

अण्णा, तू तरी —

वकील गुरुवारी येणार. बाहुली सांगलीला जाणार. तिच्याबरोबर —

नाही द्यायची. मी दारात आडवी पडेन. हे लिहून ठेवते म्हणजे विसरणार नाही. नाही द्यायची. ओली करायची नाही. फोडायची नाही.

मंगळवार

बोटांना टाक कळत नाही. बघून धरावा लागतो.

दूधवाला एक पावशेर जादा घालून गेला. नको म्हटलं, आम्ही दोघंच आहोत.

मग रडू आल्यासारखं झालं. कशाचं ते —

बुधवार

ती. बसवंतअण्णा यांस सा. न. वि. वि. पत्र वेगळं लिहायला कागद नाही, इथंच लिहिते, फाडून टपालात टाकीन.

उद्या वकील येणार. साठ ठरले. यंत्र येईल. घर आवरून झालं. पाळणा ह्यांनी दुकानात नेला, साडेतीन आले.

एक विचारायचं राहतं. मागच्या पानांवर जागोजाग मनू मनू असं लिहिलंय. अक्षर माझंच आहे. एक चांदीचा वाळा मुठीत सापडला, झोपेतही धरलेला होता. इथं कुणाच्याच पायाला बसायचा नाही. मुठीतून सोडवत नाही. तू लहानपणापासून मला ओळखतोस, तुला माहीत असेल. काही द्यायचं नाही असंही लिहिलंय. काय द्यायचं नाही? ओलं करायचं नाही, ते कशाला?

बाकी क्षेम. बाहुली छान दिसते. कडेवरच्या मुलाचे पाय जरा मळले आहेत, डोळ्यांखालीही काही ओघळलंय. गिऱ्हाईक यायचं, म्हणून फडकं भिजवून घेतलंय. पायांपासून पुसत —

कुठं तरी मूल रडतंय. शेजारी तर लहान कुणी नाही —

माझ्या जवळच कुठं तरी —

अण्णा, मनू कोण, एवढं उलट टपाली कळ